दोरीचा रंग लिहिणारा माणूस

पुण्यात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणाहीसमोर नुसतं 'जक्कल' म्हणा, म्हणजे १९७६-७७ मधल्या जोशी-अभ्यंकर खुनांतला मुख्य खुनी, पुढचं काही सांगावं लागत नाही. आमची आई अजून सांगते की त्या हिवाळ्यात लोक दिवेलागणीच्या आत घरी यायचे, बेल वाजली तर आधी खिडकीतून बघायचं आणि मग कडी काढायची, आणि ओळखीचा माणूस असला तरी दाराच्या फटीतूनच बोलायचं. त्याच पिढीतल्या माणसाला विचारा की हुल्याळकर कोण? मी विचारून बघितलंय, बहुतेक लोक आठवायचा प्रयत्न करतात आणि गप्प बसतात. मधुसूदन हुल्याळकर म्हणजे जोशी-अभ्यंकर खून खटल्याचा तपास करणारे सहायक पोलीस आयुक्त. आणि ज्यांचा खून झाला ते काशीनाथशास्त्री अभ्यंकर कोण, तर संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे विद्वान, आयुष्य पाणिनी-पतंजलीत घालवलेला माणूस. तो कोश आजही अभ्यासक वापरतात. पण आपल्या बोलण्यात उरलाय तो जक्कल.

माझं म्हणणं एवढंच नाहीये की आपण कृतघ्न आहोत. माझं म्हणणं असंय की खुनी माणसाची गोष्ट तोंडपाठ आणि तपासाची गोष्ट अजिबात माहिती नाही, यामुळे आपल्याला सरकारकडे नेमकं काय मागायचं तेच कळत नाही. मोठा गुन्हा झाला की आपण फाशी मागतो, फास्ट ट्रॅक मागतो, हल्ली तर सरळ एन्काउंटर मागतो. तपास करायला वेगळा स्टाफ द्या, वेळ द्या, बंदोबस्तातून सोडवा, असं मागत मोर्चा निघालेला मी तरी बघितला नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

आता ती पुण्याची केसच नीट बघा. जानेवारी १९७६ मध्ये अभिनव कला महाविद्यालयातला एक विद्यार्थी गायब झाला. त्याच्याच वर्गातल्या जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी पैशासाठी त्याला नेलं, मारलं आणि प्रेत लोखंडी पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकलं. हे पिंप तिथे वर्षाहून जास्त काळ पडून होतं आणि तोपर्यंत कागदोपत्री तो मुलगा 'मिसिंग'. मग ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरात आई-वडील आणि मुलगा असे तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण, त्यात दोन तरुण नातवंडं आणि घरी काम करणाऱ्या बाईसुद्धा, ज्यांचं नाव केसच्या नावात कधीच आलं नाही. मार्च १९७७ मध्ये अजून एक मुलगा, एका ओळखीच्याच मित्राचा धाकटा भाऊ. एकूण दहा माणसं. आणि शेवटचा खून सोडला तर हे सगळं आणीबाणी चालू असताना, म्हणजे सरकारच्या हातात वाटेल त्याला उचलायचे अधिकार होते तेव्हा. अधिकार भरपूर होते, पण नुसत्या अधिकारानं खुनी सापडत नाही हे त्या चौदा महिन्यांत पुण्यानं बघितलं.

मग सापडले कसे? शेवटच्या मुलाचं प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगड लावून नदीत सोडलं होतं ते येरवड्याकडे वर आलं. दोरी नायलॉनची. जोशी आणि अभ्यंकरांच्या घरातही गळा आवळायला नायलॉनचीच दोरी होती. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून अत्तर वगैरे शिंपडायची अक्कल या मुलांना होती, पण दोरी बदलायची सुचली नाही. त्या मुलाच्या ओळखीतल्या पोरांना बोलवून कोण कुठे होतं, किती वाजता होतं हे वेगवेगळं विचारल्यावर उत्तरं जुळेनात, मग तीच तीच माणसं परत परत बोलवली, आणि शेवटी त्यांच्यातलेच वर्गमित्र बोलले, त्यातला एक पुढे माफीचा साक्षीदार झाला. तळ्यातनं पिंप वर आलं तेव्हा वर्षापूर्वीच्या मिसिंगचा उलगडा झाला. मे १९७८ मध्ये खटला उभा राहिला आणि सप्टेंबरमध्ये निकाल लागला, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट सगळीकडे टिकला आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे आणि माझं मत अजून पक्कं नाही. पण चार-साडेचार महिन्यांत दहा खुनांचा खटला पूर्ण होतो आणि वरच्या दोन कोर्टांत टिकतो तो भाषणांवर नाही टिकत, कागदावर टिकतो.

हा कागद काय असतो ते मला मामामुळे कळलं. मामा पोलिसात होता, हवालदार म्हणून लागला आणि एएसआय होऊन रिटायर झाला. त्यातली कितीतरी वर्षं तो साहेबांचा रायटर होता. बाहेरच्या लोकांना हा शब्द माहिती नसतो. तपास साहेबाच्या नावावर असतो, पण जबाब लिहिणारा, पंचनाम्याचा कागद भरणारा, मुद्देमालाला लेबल लावून लाखेचं सील करणारा, केस डायरी रोजच्या रोज पूर्ण ठेवणारा माणूस म्हणजे रायटर. मामा सांगायचा, घटनास्थळी सगळे प्रेताकडे बघत असतात, रायटरनं बाकी सगळीकडे बघायचं. दोरी सापडली असं लिहिलं तर ती गेली, कोर्टात वकील विचारतो कुठली दोरी, बाजारात हजार दोऱ्या आहेत. रंग लिही, किती फूट लिही, टोक जळलेलं का कापलेलं ते लिही, गाठ कशी होती ते लिही, कुणी उचलली, कशात ठेवली, पंचांच्या सह्या कुठे घेतल्या ते लिही. पंच मिळणं ही अजून एक कटकट, रात्री दोन वाजता खुनाच्या जागी यायला आणि मग आठ वर्षं कोर्टाच्या तारखांना यायला कोण तयार होणार? मामा म्हणायचा, पंच म्हणून जो येतो त्याला पहिला चहा पाजायचा आणि खरं खरं सांगायचं की बाबा तुला त्रास होणार आहे.

हे ऐकायला कंटाळवाणं आहे, मला माहितीये. पण सगळ्या गाजलेल्या केसेस याच कंटाळवाण्या कामावर सुटल्यात. रमण राघवचंच घ्या. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं रात्री डोक्यात घाव घालून मारली जात होती, लोक रात्रभर जागे राहायला लागले, काठ्या घेऊन गल्लोगल्ली पहारे. तपास रमाकांत कुलकर्णींकडे होता, क्राइम ब्रँचचे डीसीपी. पण तो माणूस सापडला तो ॲलेक्स फियालो नावाच्या सब-इन्स्पेक्टरमुळे, २७ ऑगस्टला, रस्त्यावर ओळखून. ओळखला कसा? दोन-तीन वर्षांपूर्वी जीआयपी म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या लाइनच्या बाजूला असेच हल्ले झाले होते, तेव्हा हा संशयित म्हणून हाती लागून सुटला होता, पण त्याचं रेकॉर्ड नीट ठेवलेलं होतं, वर्णन होतं, बोटांचे ठसे होते. पाच नावं लावून फिरणाऱ्या माणसाचे ठसे मात्र एकच होते. म्हणजे १९६५-६६ साली ज्या कारकुनी हातांनी ते कार्ड व्यवस्थित लावून ठेवलं, त्यांचा यात किती मोठा वाटा आहे बघा, आणि त्यांचं नाव आपल्यातल्या कुणालाच माहिती नाही.

पुढचं पण सांगितलं पाहिजे. रमण राघवनं गुन्हे कबूल केले, खालच्या कोर्टानं फाशी दिली, तरी हायकोर्टानं तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमून त्याला तपासलं. तो गंभीर मानसिक आजारी आहे हे निघालं आणि शेवटी फाशीची जन्मठेप झाली, १९९५ मध्ये तो ससूनमध्ये आजारपणात गेला. ज्या माणसानं अख्ख्या शहराची झोप उडवली होती त्याच्याबाबतीत सुद्धा आपल्या व्यवस्थेनं थांबून बघितलं. मला याचा अभिमान वाटतो. आज तेवढा धीर आपण दाखवू का, असं मनात आलं की भीती वाटते.

कारण आज काय होतं ते बदलापूरला दिसलं. ऑगस्ट २०२४, शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर अत्याचार, आई-बाप पोलीस स्टेशनला गेले तर गुन्हा नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लावले. खरा राग यायला पाहिजे तो इथे, आणि आला पण, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले ते उगाच नाही. पण मग २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि पेढे वाटले गेले. खटला नाही, उलटतपास नाही, अजून कुणी सामील होतं का, कुणी लपवलं का, शाळेत कुणाला काय माहिती होतं, यातलं जे काही त्याच्या तोंडून कोर्टासमोर यायचं ते त्याच्याबरोबर गेलं. त्याआधी २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या केसमधल्या चौघा आरोपींना पोलिसांनी असंच मारलं तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली होती. सुप्रीम कोर्टानं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष आपले नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आणि २०२२ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की गोळ्या मुद्दाम जीव घ्यायलाच झाडल्या होत्या, आणि मेलेल्यांपैकी तिघे तर अल्पवयीन होते. त्या दिवशी फुलं टाकणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा अहवाल वाचला असेल?

मला यात लोकांचा राग चुकीचा वाटत नाही. मलाही मुलगी आहे, बदलापूरची बातमी वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. पण पोलीस स्टेशनमध्ये जिनं आई-बापाला ताटकळत बसवलं तीच यंत्रणा महिन्याभरात गोळी घालून हिरो होते आणि आपण तिला विचारत नाही की पहिल्या दिवशी काय करत होतात, हे मला पटत नाही. एन्काउंटर हा तपासाचा शॉर्टकट नाहीये, तिथे तपासच थांबतो.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की मग तपास अधिकाऱ्याला देव करून ठेवा. नाही, ते पण नको. मानवतची केस आठवा. परभणी जिल्ह्यातलं गाव, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४, लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून, गुप्तधन आणि पिंपळावरच्या मुंजाची अंधश्रद्धा. स्थानिक पोलिसांना जमेना म्हणून परत रमाकांत कुलकर्णीच गेले आणि त्यांनी ते उलगडलं. तपास म्हणून मोठंच काम. पण सुप्रीम कोर्टात १९७७ मध्ये काय झालं हे गोष्ट सांगताना लोक गाळतात. ज्या दोघांनी हे सगळं करवून घेतलं असं आपण अजूनही ऐकतो, ते दोघे शेवटी सुटले, कारण माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला बाहेरून पुरेसा दुजोरा नव्हता. आणि त्याच निकालात कोर्टानं पोलिसांना बजावलं की गुन्हा उघडकीला आणायच्या उत्साहात हात उगारायचा मोह होतो तो मुळातच खुडून टाकला पाहिजे. माझ्या मते हे तपासाच्या विरोधात नाही, चांगल्या तपासाची व्याख्याच ती आहे. मारून घेतलेल्या कबुलीला आपल्या कायद्यात काही किंमत नाही, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत, त्यातनं एखादी वस्तू काढून दाखवली तर तेवढाच भाग चालतो. ज्याला हे माहिती आहे तो अधिकारी थप्पड मारण्यात वेळ घालवत नाही, पिंप शोधायला जातो.

आणि चुकीच्या तपासाची किंमत किती, ते ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत दिसलं. १८० पेक्षा जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाचांना फाशीची, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल. पण आत्ताच्या घडीला त्या संध्याकाळी ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही त्यांना एकोणीस वर्षांनी सुद्धा 'कुणी केलं' याचं उत्तर नाहीये, आणि तुरुंगात गेलेली वर्षं त्या लोकांना कुणी परत देणार नाहीये.

तर करायचं काय. उत्तर नवीन नाहीये, वीस वर्षं होत आली. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा, सुरुवात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून करा. म्हणजे पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे. आता तुमच्या जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनला जाऊन बघा. खुनाचा तपास ज्या पीएसआयकडे आहे त्याच्याकडेच दोन चोऱ्या, एक फसवणूक, चार मिसिंग, सकाळी कोर्ट, दुपारी मंत्र्याचा दौरा, आणि गणपतीचे दहा दिवस तर केसचा कागद हातात घ्यायचा नाहीच. तिकडे घड्याळ मात्र चालू असतं, साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट गेलं नाही तर आरोपीला जामीन मिळायचा हक्क आहे, आणि तो असायलाच पाहिजे, नाहीतर माणूस बिनचार्जशीटचा सडत राहील. मग शेवटच्या आठवड्यात रात्री जागून चार्जशीट लिहिलं जातं आणि जे राहून जातं ते सात वर्षांनी बचावाच्या वकिलाला सापडतं. आपण मग म्हणतो, जज विकला गेला.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पण सांगितलंय. चांगलंच आहे. पण शूटिंग करणारा तोच हवालदार असेल जो सकाळपासून बंदोबस्तात उभा आहे, आणि लॅबचा रिपोर्ट महिनोन्‌महिने येणार नसेल, तर कायद्याचा कागद नुसता कागदच राहील. माणसं द्या. तपासाची माणसं वेगळी द्या, त्यांना किमान काही वर्षं हलवू नका, आणि रायटर लोकांचं ट्रेनिंग करा, कारण आजही ते काम एक जण दुसऱ्याचं बघून शिकतो.

गावित बहिणींच्या केसमध्ये तर हे सगळं आणि वर अजून एक गोष्ट दिसते. १९९६ मध्ये आई आणि दोन मुली पकडल्या गेल्या, चोऱ्या करताना ढाल म्हणून वापरायला लहान मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची, तेरा अपहरणं आणि नऊ खुनांचा आरोप. सीआयडीचे सुहास नाडगौडा यांनी तपास केला. कल्पना करा, असल्या केसमध्ये मूल एका शहरातनं गेलेलं, मिसिंग तिथल्या ठाण्यात, आणि बेवारस प्रेताची अकस्मात मृत्यूची नोंद भलत्याच जिल्ह्यात, दोन्ही फायली एकमेकींना कधी भेटलेल्याच नाहीत. कुणीतरी बसून त्या जुळवायच्या असतात. त्या जुळवल्या गेल्या, थोरलीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, पण नुसत्या त्याच्या शब्दावर न विसंबता पुरावा उभा केला आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत शिक्षा टिकली. आणि मग दयेच्या अर्जाची फाईल. सात वर्षं आणि दहा महिने. जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं या उशिरामुळेच फाशीची जन्मठेप केली आणि सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर स्पष्ट ताशेरे ओढले. निकाल कायद्याला धरूनच आहे, माझी तक्रार कोर्टाबद्दल नाही. ज्या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या मुलांना परत नाव मिळवून दिलं त्यांच्या कष्टाचं काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

गुन्हेगारांवरच्या सिरीज बघू नका असं मी म्हणत नाही, मीही बघते. पण त्यात कॅमेरा कुठे असतो ते बघा. गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात ६ एप्रिल १९८६ ला इन्स्पेक्टर मधुकर झेंड्यांनी चार्ल्स शोभराजला पकडलं, तिहारमधून तो पळाला त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. १९७१ मध्ये पण त्याला त्यांनीच पकडलेलं, म्हणून चेहरा पाठ होता. परदेशात फोन लावायला तो असल्या जागी येईल असा अंदाज बांधून माणसं तिथे बसून राहिली, वाट बघत. त्या हॉटेलात पुढे पुतळा बसवला तो शोभराजचा. लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात. ज्यांच्या मुली-मुलांना त्यानं मारलं त्यांच्यातलं कुणी तिथे जेवायला गेलं तर?

मामा रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी त्याला एका जुन्या खुनाच्या केसमध्ये साक्षीचं समन्स आलं. सकाळच्या एसटीनं तो जिल्ह्याच्या कोर्टात गेला, गुडघे दुखत असताना, पहिल्या दोन तारखांना नुसताच बसून परत आला. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. बचावाच्या वकिलानं दोरी वर उचलून धरली आणि विचारलं, एवढ्या वर्षांनी ही तीच दोरी हे तुम्ही कशावरून सांगता? मामानं चष्मा लावला, स्वतःच्याच अक्षरातला पंचनामा बघितला आणि वाचलं, निळी-पांढरी पिळाची, साडेसात फूट, एक टोक जळालेलं, मध्ये दोन गाठी. मग जज बाईंनी मोजायची टेप मागवली.